एडू

आईचं विडीचं सूप आणि मी
एकाच रिक्षातून आलो नरसव्वाच्या दारात.
सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं,
कात्री, पत्र्याचा फर्मा,
आणि मांडीवर मी, साडेपाच वर्षांचा.
कारखान्यात दोघी शेजारी बसायच्या म्हणे.
तेवढंच नातं.
तिनं आधी पानं उतरवून घेतली, वाळतील म्हणून.
मग मला.

घरात पोरं किती, पहिल्या दिवशी कळलंच नाही.
एक दारामागं, दोन मागाखाली,
एक नुसताच खोकत होता कुठंतरी वर.
यातली पोटची कुठली, असं कुणी विचारलं
की नरसव्वा म्हणायची,
"आता नीट आठवत नाही बघा,"
आणि पुढची विडी वळायची.

मे महिना. नळ पाचव्या दिवशी,
तरी अर्धी बादली गच्चीवर शिंपडलेली.
आम्ही ओळीनं निजलो.
ती आली,
तंबाखूच्या वासाचं बोट
एकेकाच्या कपाळावर टेकवत:
ओकटी, रेंडू, मूडू…
माझ्याशी जरा थांबली.
म्हणाली, "एडू."

मी ऐकलं, येडू.
आई नाही, आणि वर येडा.
उशीत तोंड खुपसून रडलो.
उशी नव्हती ती, मैनुद्दीनचा दंड होता.
तो अंधारात म्हणाला,
"रडतो काय बे, सात म्हणाली ती. तेलुगूत सात.
मी सहा.
ती पलीकडं सुवार्ता, ती कालपर्यंत सात होती.
तुझ्यामुळं आठ झाली.
ती रडते का?"

ती रडली नाही.
सकाळी न्हाणीच्या रांगेत
मला असा चिमटा काढला तिनं
की वण अजून दाखवता येईल.

अंगं पुसायला सगळे टॉवेल सेकंडचे.
कुठं गाठ, कुठं उडालेला दोरा,
कुठं मोर विणायचा तर चोच विसरलेली.
बाजारात असला माल किलोवर जातो.
लोक मला पुढं सांगायचे,
तुटलेला धागा जोडतात ना, तसं तुमचं घर.
मी मान हलवायचो.
सांधा कपाळाला कसा टोचतो
ते त्यांना काय माहीत.

नायना सगळ्यांना मारायचा, मला सोडून.
शरणप्पाला मार, बालमणीला मार,
माझ्याशी मात्र, "असू दे बाळा."
पाहुण्याला बोलतात तसं.
दीड वर्ष मी ते "असू दे" गिळलं.
मग एकदा धोटा घेऊन गल्लीत खेळलो,
टोक मोडलं,
आणि कानाखाली बसली.
कान वाजत होता, माग थांबला होता,
सुवार्ता चुलीपाशी भाकरी कडक करत होती.
मान न वळवता म्हणाली, "झालास बाबा एकदाचा."
नायना त्या रात्री जेवला नाही.
मी जेवलो, शेंगाचटणी दोनदा मागून.

मूडू, म्हणजे अंबादास, सुरतेला गेला तो गेलाच.
फोन नाही, पैसे नाहीत.
नरसव्वा रात्री यायची,
ओकटी, रेंडू,
मग रिकाम्या चटईवर बोट टेकवायची.
मूडू.
आम्हाला वाटलं, आता मी सहा होईन,
सुवार्ताला तिचा सात मिळेल.
कुणाचाच आकडा सरकला नाही.

ती गेली त्याला चार वर्षं झाली.
अस्थी घेऊन आम्ही टेम्पोत बसलो,
ड्रायव्हर म्हणाला, किती जण, मोजून घ्या.
सगळे गप्प.
मराठीत मोजायला कुणी तोंड उघडेना,
आणि तेलुगूत, आधी कुणी?
शेवटी मैनुद्दीननं दोन जागा मागं सोडून
हळूच सुरू केलं, "आरू."
आणि माझ्याकडं बघितलं.